‘मामला लीगल है’मधला पोपट इंदूरच्या कोर्टात आला तर?

रामबागवाली
नेटफ्लिक्सवरच्या ‘मामला लीगल है’च्या पहिल्या पर्वाचे आठही भाग परत एकदा बघून झाले. १ मार्च २०२४ ला आली तेव्हा गंमत म्हणून बघितली होती, या वेळी नीट लक्ष देऊन बघितली. माझं मत असं की या मालिकेचा जीव खटल्यात नाही, खटल्याच्या आजूबाजूला आहे. बारच्या, म्हणजे वकिलांच्या संघटनेच्या, राजकारणात रमलेला त्यागी, कोर्टात बसायच्या स्वतःच्या खोलीसाठी, चेंबरसाठी, झुरणारी सुजाता नेगी, हार्वर्डहून शिकून आलेली आणि जिल्हा कोर्टात पहिल्यांदाच पाऊल ठेवणारी अनन्या. मालिकेतलं पटपडगंज कोर्ट काल्पनिक आहे, पूर्व दिल्लीचं खरं कोर्ट कडकडडूमाला. तरी आपल्या इंदूरच्या जिल्हा कोर्टाचा व्हरांडा ओळखीचा असणाऱ्याला ते परकं वाटत नाही.

आता प्रश्न. मालिकेत एका पोपटावर शिवीगाळ केल्याचा आरोप आहे. हे प्रकरण खरंच आपल्याकडे आलं तर पहिल्या दिवशी काय होईल? आणि मालिकांमध्ये उलटतपासणी फटाफट उरकते, तशी ती होते का? कोर्टाचं कामकाज जाणणारे इथे बरेच आहेत. कलमासकट लिहा. ‘मालिका आहे, सोडून द्या’ हे उत्तर नको.

छप्पनवाला
भारी धागा, ताई. ठिय्या मारून बसलोय, येऊ द्या.

पेशीकार
पोपटापासूनच सुरुवात करू.

मध्य प्रदेशात शेजाऱ्यापाजाऱ्यांचं भांडण ठाण्यात गेलं की एफआयआरमध्ये २९४, ३२३, ५०६ ही तिकडी ठरलेली. शिवी, मारहाण, धमकी. दोघंतिघं मिळून असतील तर शेपटाला ३४. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हेच आकडे २९६, ११५(२), ३५१ आणि ३(५) झाले. मालिका त्याच्या चार महिने आधीची, त्यामुळे तिला जुनेच आकडे लागू.

शिवीचं कलम वाटतं तितकं सैल नाही. शब्द अश्लील हवेत, जागा सार्वजनिक किंवा तिच्या जवळची हवी, आणि ऐकणाऱ्याला त्याचा त्रास झालेला हवा. तिन्ही जमलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. नव्या संहितेत दंडाला १००० रुपयांची मर्यादा आहे. पिंजरा आतल्या खोलीत असेल तर गाडी जागेच्या अटीवरच अडते. रस्त्यावरच्या गॅलरीत असेल तर निदान वाद घालता येतो.

पण आरोपी कोण? कलमात ‘जो कोणी’ आहे, आणि तो माणूस असावा लागतो. पोपटाचं नाव आरोपीच्या रकान्यात येऊच शकत नाही. येईल ते मालकाचं, तेही त्यानं मुद्दाम शिकवून शेजाऱ्याच्या दिशेनं पिंजरा टांगला असं दाखवता आलं तर. मग ३५२ (जुनं ५०४, जाणूनबुजून अपमान करून शांतताभंगाला चिथावणं) जोडायचा प्रयत्न होईल. जनावराबाबत हलगर्जीपणाचं एक वेगळं कलम आहे, २९१, जुनं २८९. पण त्यासाठी जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीची शक्यता लागते. शिवीनं ती होत नाही.

आणि यात खरी मेख वेगळीच आहे. आपला देशी, गळ्यात कंठ असलेला पोपट पिंजऱ्यात पाळणं हाच वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली गुन्हा. शिवीची तक्रार घेऊन आलेल्याच्या हातात त्याहून कितीतरी जड कलम आयतं असतं आणि त्याला ते ठाऊक नसतं. मालकाच्या वकिलानं पहिल्या दिवशी शिवीची चिंता सोडून पोपटाची जात बघायला हवी.

चांदा_ते_इंदूर
पेशीकारांच्या शेवटच्या मुद्द्याला पुरावा आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला एका वृद्ध बाईंनी तक्रार केली, की पोपटाला शिकवून आपल्याला शिव्या घातल्या जातात. पोलिसांनी पोपटासकट सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. ठाण्यात पोपटानं चोच उघडली नाही. शेवटी त्याला वन विभागाच्या ताब्यात दिलं. म्हणजे मालिकेतली कल्पना हवेतली नाही, आणि राजुऱ्यात शेवट अगदी तुम्ही म्हणता तसाच झाला. शिवी राहिली बाजूला, पोपट वन खात्याकडे.

निवांत_प्रेक्षक
धागाकर्तीनं नको म्हटलेलंच उत्तर देतो, कारण मला ते पटतं. हलकीफुलकी मालिका आहे. साधारण अर्ध्या तासात हसवायचं, पात्रं उभी करायची, शेवटी थोडं भावुक करायचं. त्यात कलम २९६ ची अट तपासायला लागलो तर डॉक्टरांनी रुग्णालयाच्या मालिका आणि पोलिसांनी पोलिसांच्या मालिका कधीच बघू नयेत.

रामबागवाली
निवांतदादा, मी चुका काढायला बसलेले नाही. या मालिकेत हसू नियमातून येतं, म्हणून नियम विचारतेय. पोपट कोर्टात आला एवढ्यानं हसू येत नाही. पोपट आला आणि सगळे त्याच्याशी कायदेशीर गांभीर्यानं वागायला लागले, की हसू फुटतं. नियम जितका पक्का ठाऊक, तितकी ती गंमत जास्त कळते. जिथे मालिका नियम गुंडाळून ठेवते तिथे मला हसू कमी आलं, म्हणून तर धागा काढला.

सत्यप्रत
रामबागवालीताईंशी पूर्ण सहमत. आता उलटतपासणीबद्दल, कारण मालिकांमध्ये सगळ्यात जास्त वाट तिचीच लागते.

पडद्यावर वकील प्रश्न टाकतो, साक्षीदार उत्तर देतो, लगेच पुढचा प्रश्न. प्रत्यक्षात या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस असतो, टंकलेखक. साक्षीदार बोलला की न्यायाधीश ते वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगतात, ते टाइप होतं, समोरच्या पडद्यावर दिसतं, आणि मग ‘साहेब, साक्षीदार असं नाही बोलला’ म्हणून एक वकील उठतो. एका वाक्याला दोन मिनिटं जाणं काही विशेष नाही. साक्ष साधारणपणे प्रश्नोत्तरात लिहिली जात नाही, निवेदनाच्या रूपात लिहितात. न्यायाधीशाला गरज वाटली तर तेवढाच भाग प्रश्न-उत्तर म्हणून घेतात. फौजदारीत हे नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) ३१० आणि ३११ मध्ये आहे, आधी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २७५ आणि २७६ होतं.

आपल्या राज्यात जिल्हा कोर्टाची साक्ष हिंदीत होते. तिचा घाट इतका पक्का की एक पान वाचलं की पुढची शंभर ओळखता येतात. पोपटाच्या खटल्यात शेजारी साक्षीला उभा राहिला तर पान असं दिसेल:

‘प्रदर्श पी-१ के ए से ए भाग पर मेरे हस्ताक्षर हैं।’
‘यह कहना सही है कि पिंजरा बालकनी में टँगा रहता था।’
‘यह कहना गलत है कि तोते ने मेरा नाम नहीं लिया।’
‘यह कहना गलत है कि पुरानी रंजिश के कारण आज न्यायालय में असत्य कथन कर रहा हूँ।’

ही शेवटची ओळ जवळजवळ प्रत्येक उलटतपासणीत असते, आणि ती उगाच नसते. आपली बाजू साक्षीदाराच्या तोंडावर मांडली नाही तर पुढे युक्तिवादात समोरचा म्हणतो, ‘ही गोष्ट तुम्ही त्याला विचारलीच नाही, म्हणजे ती तुम्हाला मान्य आहे.’ म्हणून बचाव पक्ष प्रत्येक मुद्दा ‘सुचवून’ ठेवतो. साक्षीदार ‘खोटं आहे’ म्हणणार हे माहीत असतं, तरी विचारायचंच.

पानाच्या तळाशी ‘मेरे निर्देशन पर टंकित’ आणि साक्ष वाचून दाखवल्याची नोंद. मग साक्षीदाराची सही.

दिवाणीत तर आणखी फरक. तिथे सरतपासणी, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षानं घेतलेली पहिली साक्ष, साधारणपणे तोंडी होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम ४ प्रमाणे ती शपथपत्रावर येते आणि कोर्टात थेट उलटतपासणीला सुरुवात होते. भाडेकरू-मालक वादात साक्षीदार उभा राहून सुरुवातीपासून रडत रडत कहाणी सांगतो, असं दृश्य आलं की समजावं, लिहिणाऱ्याला फौजदारी आणि दिवाणीचा फरक कुणी सांगितलेला नाही.

छप्पनवाला
‘ए से ए भाग’ म्हणजे काय?

सत्यप्रत
कागदावर सही असते तिच्या दोन्ही टोकांना ए लिहितात. ए पासून ए पर्यंतचा भाग म्हणजे या साक्षीदाराची सही. दुसऱ्याची असेल तर बी ते बी. एकाच पंचनाम्यावर चार सह्या असल्या की कुणाची कुठली हे वरच्या कोर्टालाही कळावं, म्हणून.

कैफियत
थोडं अवांतर, पण ही हिंदी वाक्यं वाचून राहवेना.

आपण इंदुरी मराठी माणसं कोर्टाचं बोलायला लागलो की निम्मे शब्द इथले आणि निम्मे महाराष्ट्रातले येतात, आणि दोन्हीकडच्यांचा गोंधळ होतो. पुण्याला ‘तारीख’ पडते, आपल्याकडे ‘पेशी’ लागते. तिकडे प्रतिवादी ‘कैफियत’ दाखल करतो, इथे ‘जवाबदावा’. तिकडचा ‘फिर्यादी’ तो इथला ‘फरियादी’. तिकडे साक्षीदार ‘फितूर’ होतो, इथे ‘पक्षद्रोही’. पक्षद्रोही हा शब्द फारच भारदस्त वाटतो मला, जणू त्यानं दौलत शत्रूला विकली. तिकडे रोजच्या कामकाजाची नोंद ‘रोजनाम्यात’, इथे ‘आदेश पत्रिकेत’. न्यायाधीशांच्या पुढ्यात बसून फायली सरकवणारा इथे ‘प्रस्तुतकार’, पण बोलताना सगळे ‘रीडर’च म्हणतात. छोट्या फौजदारी कोर्टात सरकारची बाजू मांडणारे इथे ‘एडीपीओ’, म्हणजे सहायक जिल्हा लोक अभियोजन अधिकारी. महाराष्ट्रातला माणूस नुसतं ‘सरकारी वकील’ म्हणून मोकळा होतो.

होळकरांच्या दरबाराचे कागद मोडी मराठीतले. त्या गावात आज मराठी माणूस घरातही ‘पेशी’ म्हणतो आणि त्याला तो मराठीच शब्द वाटतो. मला तो आवडतो. तारखेत नुसता दिवस कळतो. पेशीत तुम्हाला कुणापुढे तरी उभं राहायचंय हे कळतं.

पेशीकार
वा! ‘पुकार’ राहिला की. शिपाई दाराशी येऊन नावं घेतो ती पुकार. तीन पुकारांत पक्षकार आला नाही की पुढचं सगळं रामायण त्यातून सुरू होतं.

पांढरा_बँड
मालिका-चित्रपटांनी लोकांच्या डोक्यात पक्क्या बसवलेल्या काही गोष्टी.

लाकडी हातोडा. भारतातल्या न्यायाधीशांपुढे तो नसतो. ‘ऑर्डर ऑर्डर’ म्हणून ठोकाठोकी नाही. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली की गप्प बसायचं, एवढंच.

गीतेवर हात. शपथ अधिनियम १९६९ मध्ये कुठल्याही ग्रंथावर हात ठेवायची सोय नाही. ईश्वराची शपथ किंवा सत्यनिष्ठेचं प्रतिज्ञान, साक्षीदारानं हवं ते निवडावं. बहुतेक वेळा रीडरच ते वाक्य म्हणून घेतो. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल तर शपथेशिवायही साक्ष घेता येते.

‘माय लॉर्ड’. बार कौन्सिलनं २००६ मध्येच सांगितलंय, की सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’, खालच्या कोर्टात ‘सर’ किंवा स्थानिक भाषेतला तसा शब्द. सवय सुटत नाही हा भाग निराळा.

गाऊन. सक्ती फक्त सर्वोच्च आणि उच्च न्यायालयात. जिल्हा कोर्टात काळा कोट आणि पांढरे बँड पुरतात, आणि उन्हाळ्यात तिथे कोटालाही सूट मिळते. मे महिन्यातलं जिल्हा कोर्ट दाखवताना सगळे वकील गाऊनमध्ये दिसले की कपडेपटानं उच्च न्यायालयाचा फोटो बघून कपडे निवडलेत हे ओळखावं. इंदूरला दोन्ही कोर्टं आहेत, १९६८ पासून उच्च न्यायालयाचं कायम खंडपीठ आहे, तेव्हा हा फरक इंदूरकराच्या डोळ्यांत लगेच भरतो.

‘ऑब्जेक्शन’. उलटतपासणीत ‘हा सूचक प्रश्न आहे’ (म्हणजे उत्तर प्रश्नातच सुचवलंय) म्हणून हरकत घेताना दाखवतात. साफ चूक. सूचक प्रश्नाला बंदी सरतपासणीत आणि फेरतपासणीत. उलटतपासणीत ते चालतात, २०२३ च्या साक्ष अधिनियमाचं कलम १४६ बघा. वर सत्यप्रतनं दिलेली ‘यह कहना गलत है’ची वाक्यं म्हणजे सूचक प्रश्नांचीच उत्तरं.

निवांत_प्रेक्षक
बरं, थोडा नमतो. सूचक प्रश्नाचं मला ठाऊक नव्हतं, आणि आता ते दृश्य पुढच्या वेळी खटकणार.

पण मग ‘बॉस्टन लीगल’चं काय? २००४ ते २००८, पाच पर्वं, १०१ भाग. त्यात तर प्रत्येक भागात ॲलन शोअर उठून पाचपाच मिनिटं भाषण ठोकतो, आणि शेवटी डेनी क्रेनबरोबर बाल्कनीत बसून सिगार आणि स्कॉच. ते भाषणच मालिकेचं काळीज आहे. आपल्याकडची मालिका असं भाषण देते तेव्हा ते पोकळ का वाटतं?

पेशीकार
कारण तिकडे समोर ज्यूरी असते. बारा सामान्य माणसांचं मन वळवायचं असतं, म्हणून भाषण. आपल्याकडे ज्यूरी साठच्या दशकात जवळपास संपली, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. न्यायाधीश एकटे. रोज साठसत्तर फायली बघणाऱ्या माणसाला भाषण नको असतं, त्याला पान क्रमांक हवा असतो. ‘साहेब, अभियोजन साक्षीदार ३ ची उलटतपासणी, परिच्छेद ७’ असं म्हणणारा वकील तिथे प्रभावी. अंतिम युक्तिवादही पुष्कळदा लेखी देतात.

एक अपवाद मात्र आजही जिवंत आहे. पारशी विवाह आणि घटस्फोट अधिनियम १९३६ खालच्या कोर्टात न्यायाधीशांबरोबर पारशी समाजातले पाच डेलिगेट बसतात आणि वस्तुस्थितीचे प्रश्न तेच ठरवतात. हलक्याफुलक्या मालिकेला याहून चांगला ऐवज कुठला मिळणार? अजून कुणी तो उचललेला माझ्या पाहण्यात नाही.

तिकीटघर
सगळे कोर्टरूममध्येच अडकलेत. रामबागवालींचं म्हणणं व्हरांड्याबद्दल होतं. खरं नाट्य दाखल करण्याच्या खिडकीवर असतं, तिथे मालिका फार कमी थांबतात.

साधा वकालतनामा, म्हणजे वकीलपत्र, घ्या. पक्षकाराची सही, वकिलाची स्वीकृतीची सही, सनदेचा क्रमांक, पत्ता, मोबाईल, कोर्ट फीचं तिकीट आणि वकील कल्याण निधीचं तिकीट. इतकं छोटं कागदपत्र, पण चुकायला जागा भरपूर. तीन भाऊ वादी असतात आणि सही दोघांचीच. वकील घाईत स्वीकृतीची सही विसरतो. तिकीट चिकटवलं पण रद्द केलं नाही. कोर्ट फी तिकीट पेनानं रेघ मारून रद्द होत नाही. १८७० च्या कोर्ट फी अधिनियमाच्या कलम ३० प्रमाणे त्यावरची आकृती पंच यंत्रानं भोक पाडून उडवायची आणि रक्कम वाचता येईल अशी ठेवायची. तेच तिकीट सोडवून दुसऱ्या कागदावर कुणी लावू नये, म्हणून ही तजवीज.

दावा असेल तर त्यापुढे. वादपत्राच्या शेवटी सत्यापन लागतं, आणि त्यात कुठले परिच्छेद स्वतःच्या माहितीवर आणि कुठले ऐकीव माहितीवर खरे मानलेत हे क्रमांकासकट वेगळं सांगायचं. लोक सरसकट ‘परिच्छेद १ ते १५ माझ्या माहितीप्रमाणे’ लिहितात, आणि मग उलटतपासणीत त्याच ओळीवर पकडले जातात: ‘परिच्छेद ९ तर वकिलांनी सांगितलेला कायदा आहे, तो तुमच्या माहितीचा कसा?’ सोबत शपथपत्र, कागदांची यादी, नोंदणीकृत पत्ता, जितके प्रतिवादी तितक्या प्रती. सरकार प्रतिवादी असेल तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस देऊन दोन महिने थांबायचं, फारच तातडी असली तर कोर्टाची परवानगी घेऊन न थांबता.

मग समन्स. त्याची फी, ज्याला आपल्याकडे तलवाना म्हणतात, वेळेत भरली नाही आणि त्यामुळे समन्स पोचलं नाही तर दावा तिथेच खारीज होऊ शकतो, आदेश ९ नियम २. समन्स न बजावता परत आलं आणि वादीनं सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज दिला नाही तर नियम ५. म्हणजे सत्य तुमच्या बाजूनं, साक्षीदार तुमच्या बाजूनं, आणि दावा गेला तलवान्यापायी. यावर एक अख्खा भाग होऊ शकतो. हसवेल आणि पोटात गोळाही आणेल.

उच्च न्यायालयात हीच गोष्ट ‘डिफॉल्ट’ म्हणून येते. रजिस्ट्री, म्हणजे तिथलं कार्यालय, त्रुटींची यादी काढते, त्या दूर झाल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही. फिकट झेरॉक्स आणि टाइप केलेली प्रत न जोडलेला हस्तलिखित कागद, हे नेहमीचे गुन्हेगार.

रामबागवाली
तिकीटघर, हेच हवं होतं! त्या पंचच्या भोकाची मला कल्पना नव्हती. कुणी चेंबर आणि बारबद्दल लिहील का? आणि मालिकेतल्या विश्वासचं कोर्ट मॅनेजर हे पद खरं आहे का?

पांढरा_बँड
पद खरं आहे. १३ व्या वित्त आयोगानं न्यायव्यवस्थेसाठी दिलेल्या अनुदानातून ते आलं. व्यवस्थापनाची पदवी असलेला माणूस घ्यायचा आणि न्यायाधीशांच्या डोक्यावरचं प्रशासन, म्हणजे इमारत, मनुष्यबळ, आकडेवारी, त्याच्याकडे द्यायचं असा विचार होता.

चेंबर म्हणजे नुसती खोली नव्हे. पक्षकार वकिलाला नावानं कमी आणि जागेनं जास्त शोधतो: ‘वडाखाली बसतात ते’, ‘जिन्याजवळचे’. जागा बदलली की पुढची सहा महिने पक्षकार जुन्या जागी जाऊन विचारत राहतात. जागा थोड्या, वकील पुष्कळ. ज्याला चेंबर नाही त्याला फायली घरून आणायच्या, टेबलाला साखळी लावायची आणि पावसात टेबल सरकवायचं. सुजाताचं दुःख मालिकेनं अगदी नेमकं पकडलंय, तिथे मी एक चूक काढणार नाही.

आता पाटीबद्दल. बार कौन्सिलच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, आणि पाटी बेताच्याच आकाराची हवी. त्याच नियमात असंही आहे, की आपण एखाद्या बार असोसिएशनचे अध्यक्ष किंवा सदस्य आहोत वा होतो, पूर्वी न्यायाधीश होतो, अमुक कामात निष्णात आहोत, असं पाटीवर लिहायचं नाही. त्यागीसारख्या माणसाला हा नियम किती टोचत असेल बघा! गावातल्या वकिलांच्या पाट्या जाता येता वाचा, मग कळेल हा नियम किती जण पाळतात.

अनन्याबद्दलही एक. परदेशातली पहिली कायद्याची पदवी असेल तर ती बार कौन्सिलनं मान्य केलेली असावी लागते आणि भारतात वेगळी पात्रता परीक्षा द्यावी लागते. भारतात एलएलबी करून परदेशात नुसतं एलएलएम केलं असेल तर तो प्रश्न नाही. अखिल भारतीय बार परीक्षा मात्र आहेच. १०० पर्यायी प्रश्न, आणि टिपा नसलेली कायद्याची पुस्तकं जवळ ठेवायला परवानगी.

कैफियत
आणि ‘पुढची पेशी’? मालिकांमध्ये हे रडगाणं असतंच. खरंच हव्या तितक्या पेश्या मागता येतात?

तिकीटघर
कागदावर नाही. आदेश १७ नियम १ म्हणतो, दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अगदीच असाधारण कारण असेल तर ही मर्यादा लोखंडी मानू नये. त्या फटीतून खूप काही आत शिरतं. जवाबदाव्याला ३० दिवस, वाढवून ९० पर्यंत. तिथेही तसंच, अपवादाची फट आहे.

पेशी वाढायचं खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. समन्स बजावलं गेलं नाही, साक्षीदार आला पण न्यायाधीश रजेवर, रेकॉर्ड खालच्या कोर्टातून आलं नाही, नाहीतर वकील त्याच वेळी वरच्या कोर्टात अडकला. यात खलनायक कुणीच नाही. मालिका एक बेरकी वकील उभा करून सगळा दोष त्याच्यावर ढकलते, ते मला अपुरं वाटतं.

पुढची तारीख घरबसल्या बघायची असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, घाला, १६ अक्षरं-अंकांचा असतो. एकदा वकिलाकडून तो लिहून घेतला की दर वेळी फोन करावा लागत नाही.

आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं असलं प्रकरण शहाण्या न्यायाधीशांपुढे आलं तर ते आधी समझोत्याचंच विचारतील. दिवाणी वाद लोक अदालतीत मिटला तर निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

छप्पनवाला
सगळं झालं, पण मूळ प्रश्न तसाच राहिला, भिया! पोपट कोर्टात आणता येतो की नाही? आणि आणला तर बोलेल त्याचं काय?

सत्यप्रत
साक्षीदार म्हणून नाही. साक्ष अधिनियम २०२३ चं कलम १२४ म्हणतं, सर्व ‘व्यक्ती’ साक्ष द्यायला पात्र. पोपट व्यक्ती नाही, त्याला शपथ देता येत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही. तो जे बोलेल ते पुराव्यात साक्ष म्हणून उतरणार नाही.

वस्तू म्हणून मात्र आणता येतो. कलम ५५ मध्ये सोय आहे, की तोंडी पुराव्यात एखाद्या वस्तूच्या अस्तित्वाचा किंवा स्थितीचा उल्लेख आला तर कोर्ट ती वस्तू पाहणीसाठी समोर आणायला सांगू शकतं. मग पोपट मुद्देमाल. आपल्या राज्याच्या पद्धतीनं कागदाला ‘प्रदर्श’ क्रमांक मिळतो आणि वस्तूला ‘आर्टिकल’. तेव्हा पोपट झाला आर्टिकल ए. तो कोर्टात बोलला तर न्यायाधीश फार तर पाहणीची नोंद करतील, की आर्टिकल ए नं अमुक आवाज काढला. शिवी दिली असं सिद्ध करायला तेवढं पुरेसं नाही, कारण प्रश्न त्या दिवशी, त्या जागी काय उच्चारलं हा आहे.

म्हणून फरियादीनं पोपट आणण्यापेक्षा मोबाईलवरचं रेकॉर्डिंग आणावं. सोबत कलम ६३(४) चं प्रमाणपत्र, त्याचे दोन भाग. एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा तिचा ओळख-आकडा, लिहिलेली. हे नसेल तर रेकॉर्डिंग कितीही स्पष्ट असो, बचाव पक्ष पहिली हरकत तिथेच घेणार. व्हॉट्सॲपवरून इकडून तिकडे जाताना फाइल बदलली, की हॅश जुळत नाही. खटला इथे लंगडू शकतो.

चांदा_ते_इंदूर
आणि खटला चालू असताना पोपट राहणार कुठे?

सत्यप्रत
जप्त वस्तू सुपुर्दगीवर मालकाला परत मिळते, नागरिक सुरक्षा संहितेची ४९७ आणि ५०३ कलमं. हमीपत्र लिहून द्यायचं, मागाल तेव्हा हजर करीन. पण देशी पोपट असेल तर ते दार बंद. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे असा पक्षी सरकारची मालमत्ता, तो मालकाकडे परत जात नाही. राजुऱ्याचा पोपट वन विभागाकडे गेला तो यामुळेच. परदेशी जातीचा असेल आणि त्याची रीतसर नोंदणी असेल तरच मालकानं अर्ज करावा, सोबत नोंदणीचा कागद जोडून.

पेशीकार
सत्यप्रत, एक भर. आर्टिकल क्रमांकाची चिठ्ठी वस्तूला बांधतात, त्यावर प्रकरण क्रमांक आणि सही. इथे ती पिंजऱ्याला बांधावी लागेल आणि साक्षीत ‘पिंजरा व त्यातील पक्षी’ असं दोन्ही लिहून घ्यावं लागेल. नाहीतर समोरचा म्हणेल, आर्टिकल ए हा पिंजरा आहे, पोपट बदलला.

निवांत_प्रेक्षक
‘पोपट बदलला’ हा बचाव मालिकेत आला असता तर मी खुर्चीवरून पडलो असतो. नियम माहीत असला की गंमत वाढते, हे मान्य ताई.

रामबागवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. आज रात्री पोपटाचा भाग परत लावते, पिंजऱ्याला चिठ्ठी आहे का ते बघायला.